ओहोटीचा तास

सरांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असत. डाव्या हातातलं सगळ्यांसारखं चालायचं. उजव्या हातातलं ते रोज सकाळी पाऊण तास मागे सरकवायचे. ओहोटीची वेळ रोज साधारण तेवढीच पुढे जाते, त्यामुळे उजव्या घड्याळात बारा वाजले की भाट्याच्या खाडीतलं पाणी पूर्ण उतरलेलं असे. व्हरांड्यात कुणी वेळ विचारली की सर आधी उजवीकडे बघत आणि मग चूक लक्षात येऊन डावीकडे. कॉलेजच्या ऑफिसातले हेडक्लार्क म्हणत, "दोन घड्याळं घालणारा माणूस एकतर रेल्वेतला असतो नाहीतर चोर. आणि रत्नागिरीला रेल्वे नाही."

मला ते पटलं होतं. त्या वर्षी सरांबद्दल कुणीही काहीही संशय घेतला तरी मला तो पटायचा. कारण साधं होतं. माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष त्यांच्या हातात होतं, आणि बाबांनी मला कॉलेजात घातलं ते एका अटीवर: तीन वर्षं, एकही जास्त नाही. तीन वर्षांत पदवी हातात आली तर नोकरी शोधायची, नाही आली तर मुरुडच्या एका होडीवाल्याच्या घरून लग्नाची विचारणा झाली होती, तिकडे होकार कळवायचा. बाबा रागीट नव्हते, पण बोललेलं फिरवत नसत.

मी याद्या करणारी बाई आहे. आज माझं कामही तेच आहे, कार्यालयातले हजेरीपट तपासायचं. तेव्हाही माझ्या वहीला खाकी कव्हर असायचं आणि त्या कव्हराच्या आतल्या घडीवर, बाहेरून दिसणार नाही अशी, मी एक यादी ठेवली होती. 'सरांविषयी शंका.' शंका फिटली की ओळ खोडायची असं ठरवलं होतं. वर्षभरात ओळी वाढल्या, खोडली एकही नाही.

सर भूगोल शिकवायचे. कोल्हापूरकडचे, तात्पुरत्या नेमणुकीवर आलेले. आमच्याकडे नव्या माणसाला आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग त्या गावातली आणखी दोन आडनावं विचारून पहिलं खरं आहे का ते बघतात. सर या परीक्षेत नापास झाले होते, कारण त्यांना स्वतःच्या गावातली माणसं फारशी आठवत नसत. विहिरी आठवत. कुणाच्या घरी पाणी दिलं तर प्यायच्या आधी विचारत, "कुठल्या विहिरीचं?" यजमानांना वाटे, हा जात काढतोय. ते खरोखर विहीर विचारत असत आणि वहीत लिहून घेत. त्यांच्या घरमालकीणबाईंनी मला सांगितलं होतं, "माणूस वाईट नाही गो, पण विहिरीत काठी घालून बघतो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. कसली काठी, कशाला, विचारलं तर म्हणतो, बघू की काय निघतंय."

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ते विद्यापीठाची नियमपुस्तिका घेऊन वर्गात आले. त्यातलं एक कलम त्यांनी वाचून दाखवलं. प्राचार्यांची शिफारस आणि विद्यापीठाची मान्यता असेल तर विद्यार्थ्याला वेगवेगळ्या शाखांतले पेपर जोडून स्वतःचा विशेष विषय आखता येईल, असं त्यात होतं. तोपर्यंत कुणी ते कलम वापरलं नव्हतं. वापरलं असतं तर त्या पानावर इतकी धूळ नसती, असं सरच म्हणाले.

"म्हणजे सर, आमचा विषय आम्ही ठरवायचा?" मंडणगडकडचा एक मुलगा होता, त्यानं विचारलं.

"व्हय की. दुकानात तयार शर्ट मिळतो. शिंप्याकडं गेलं तर माप घेऊन मिळतो. पण माप द्यायला उभं राहावं लागतं."

आम्ही सात जण उभे राहिलो. सरांनी प्रत्येकाला एक फुलस्केप दिला आणि मधून रेघ मारायला सांगितली. डाव्या रकान्यात घरातल्या माणसांना जे कळतं ते. उजव्या रकान्यात पुस्तकाला जे कळतं ते. "प्रश्न लिहीत जा. उत्तर ज्याला येतं त्याच्या रकान्यात खूण. आणि दोन्ही रकाने रिकामे राहतील तिथं थांबा. तो तुमचा विषय."

मंडणगडच्या मुलाच्या गावातले बहुतेक पुरुष मुंबईत होते. त्यानं प्रश्न लिहिला, मुंबईला गेलेला माणूस गावाला परत राहायला येतो का. घरच्या रकान्यात त्यानं 'येतो' अशी खूण केली. सरांनी विचारलं, "हे कुणी सांगितलं?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. मुलगा म्हणाला, आईनं. "वडील परत आले?" मुलानं कागदाची घडी घातली. दुसऱ्या दिवशी त्यानं कागद परत केला आणि सरळ इतिहास घेतला. बाकीचेही एकेक करून गळले. मी राहिले ते धाडसामुळे नव्हे. मला रकाने आवडतात.

आमचं घर खाडीकाठी. बाबा होडीवर, आई बाजारात मासे विकायची आणि ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायची. मी चाळीसेक प्रश्न लिहिले. पाण्याच्या वेळा बाबांना येत होत्या, त्यांची कारणं पुस्तकाला. एकाच प्रश्नापुढे दोन्हीकडे काही नव्हतं: तिसऱ्या दर दोन-तीन वर्षांनी जागा का बदलतात? आई म्हणाली, "त्यांची मर्जी." पुस्तकात तर तिसऱ्याच नव्हत्या.

"झालं," सर म्हणाले. "तुझा विषय खाडी. भूगोलाचे पेपर असतील, प्राणिशास्त्रातला एक, अर्थशास्त्रातला एक. आणि खाडीतलं काम, त्याचे तास वेगळे."

अर्ज गेला. तीन महिन्यांनी मान्यता आली, तीही अटीसह: हजेरीचे नियम इतर विषयांसारखेच लागू राहतील. त्या ओळीखाली मी लाल रेघ मारली होती. सरांनी ती ओळ वाचलीच नसावी अशी मला शंका होती. यादीतली ती पहिली ओळ.

घरी सरांबद्दल दोन मतं होती आणि दोन्ही वाईट. आईचं मत बाजारात तयार झालं होतं. "मासा विकत घेतो, पोट फाडून आत काय हाय बघतो आणि मासा मला परत देतो. खात नाय म्हणे. मंग घेतलान कशाला? चार बायका बघत व्हत्या. माझ्या टोपलीत काय खराब हाय असं वाटलं असेल त्यांना."

बाबांनी त्यांना दुर्बीण घेऊन खाडीवर उभं राहिलेलं पाहिलं होतं. त्या काळात आमच्या किनाऱ्यावर चोरटा माल उतरायचा आणि कस्टमच्या खबऱ्यांची चर्चा दर घरात असायची. बाबा म्हणाले, "खाडीवर दुर्बीण घेऊन उभा ऱ्हातो तो एकतर कस्टमचा माणूस, नायतर कस्टम ज्याला शोधतंय तो."

"ते पक्षी बघतात, बाबा."

"तुला कुणी सांगितलं?"

सरांनीच सांगितलं होतं. म्हणजे पुरावा काही नव्हता. तीही ओळ यादीत गेली.

खाडीचे तास ओहोटीला व्हायचे. जुनी जाळी बांधायचे चार खांब काठापासून आत एका रांगेत उभे होते. पाणी उतरलं की कितवा खांब उघडा पडला ते लिहायचं, त्याच्या भोवतीचा हातभर चिखल उकरून तिसऱ्या मोजायच्या आणि परत टाकायच्या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरतीला पाणी खूप चढतं आणि ओहोटीला खूप उतरतं. तेव्हा चवथ्या खांबापर्यंत चालत जाता येई. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाणी फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही. तेव्हा दुसऱ्या, फार तर तिसऱ्या खांबापर्यंत. हे आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल.

ओहोटी आज अकराला, उद्या पावणेबाराला, चार दिवसांनी दोनला. कॉलेजच्या मस्टरमध्ये मात्र तासांचे रकाने छापलेले. हेडक्लार्क म्हणाले, "तुमचा तास रोज सरकतो. माझा रकाना सरकत नाही. मी लिहू कुठे?" सर म्हणाले, "बघू की." आणि हेडक्लार्कांनी माझ्या नावापुढची जागा वर्षभर कोरी ठेवली.

म्हणून मी माझ्यापुरता हजेरीपट वहीत आखला. तारीख, तिथी, वेळ, खांब, तिसऱ्या. वर्षाचे तास ऐंशी धरले होते, हजेरी पंचाहत्तर टक्के लागे, म्हणजे साठ. मी वर्षाच्या सुरुवातीलाच साठ तारखा निवडून त्यांची यादी भिंतीवर लावली. एकसष्टावी घातली नाही. उरलेल्या वेळात मी, सरांना न सांगता, टायपिंगच्या क्लासला जात होते. त्यांच्या विषयातून काही निघालंच नाही तर हाताशी काहीतरी असावं म्हणून. संशय असलेल्या माणसानं दुसरी वाट काढून ठेवावी, हे मला व्यवहाराचं वाटत होतं आणि आजही वाटतं. मला पुढे नोकरी लागली ती त्या टायपिंगवरच.

सर दर वेळी बरोबर नसत, त्यांना बाकीचे वर्ग असायचे. पण न सांगता उगवायचे. चिखलात वाकून मोजत असताना मान वर करावी तर काठावरच्या माडांत सर उभे, हातात दुर्बीण. जवळ येत नसत, हाकही मारत नसत. पक्षी बघतात की मला, असा प्रश्न पडायचा. यादीत ओळ.

दर शनिवारी ते माझी वही घेऊन जात आणि सोमवारी परत देत. वहीत ते कधीही फुली मारत नसत, खोडत नसत, लाल शाई वापरत नसत. ज्या नोंदीची त्यांना खात्री वाटत नसे तिच्यापुढे पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह. बाकी एक अक्षर नाही. "सर, काय चुकलंय ते सांगा ना," म्हटलं की म्हणायचे, "चुकलंय असं मी कुठं म्हणालो? मला खात्री नाही एवढंच. वही तुझी हाय. खोडायचं ते तू." मग आठ-आठ दिवस त्या प्रश्नचिन्हाकडे बघत बसायचं. कधी मोजणीत चूक सापडे, कधी काहीच सापडत नसे. मला सरळ सांगणारी माणसं आवडतात. 'माझं चुकत असलं तरी हे सांगणार नाहीत, नुसते बघत राहतील' अशी एक ओळ मी यादीत रागानं लिहिली होती. दोनदा गिरवली होती.

दिवाळीनंतर नियमपुस्तिका परत द्यायला मी त्यांच्या खोलीवर गेले. सर नव्हते. घरमालकीणबाईंनी दार उघडून दिलं आणि त्याही आत आल्या, बहुधा बघायला. टेबलावर जुन्या कॅलेंडरांच्या पानांचा गठ्ठा होता. कोऱ्या बाजूवर माझ्या नोंदी होत्या. माझ्या तारखा, माझे खांब, माझ्या तिसऱ्या, सगळं सरांच्या अक्षरात. माझं नाव कुठेही नव्हतं.

"बघ," बाई हळूच म्हणाल्या, "मी सांगत नव्हते?" त्यांनी तर मला माणूस वाईट नाही असंच सांगितलं होतं, पण मीही मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलंच. "सर, माझे आकडे तुमच्याकडे कशाला? पीएच.डी. करताय?"

त्यांना राग आला नाही. "नक्कल करून ठेवतो. वही खाडीत पडली तर?"

"माझी वही पडणार नाही."

"हे कुणी सांगितलं?"

पुढच्या सोमवारी वही परत आली तेव्हा तिचं खाकी कव्हर मी घालते त्यापेक्षा नीट घातलेलं होतं. कोपरे धारदार. मी घरी जाऊन आतली घडी उघडली. यादी जागेवर होती. मी तिच्यात आणखी एक ओळ घातली: 'कव्हर कुणी काढलं?'

पौषात टायपिंगची परीक्षा आली. बुधवारी सकाळी अकराला, आणि त्याच बुधवारी भिंतीवरच्या यादीत खाडीचा तास होता, बाराच्या ओहोटीचा. दोन्हीकडे जाणं शक्य नव्हतं. मी परीक्षेला गेले. घरी येऊन वही उघडली. ओहोटीची वेळ मला तक्त्यावरून ठाऊक होतीच, ती लिहिली. बाकीची नोंद आदल्या बुधवारची उतरवली, तिसऱ्यांच्या संख्येत एक-दोनचा फरक करून. पाच मिनिटांचं काम होतं. त्या शनिवारी वही नेहमीसारखी सरांकडे गेली, सोमवारी आली. पानावर प्रश्नचिन्ह नव्हतं. मी सुटकेचा श्वास सोडला.

सत्र संपायला तीन दिवस उरले असताना प्राचार्यांनी बोलावलं, पालकांना घेऊन. परीक्षेचे फॉर्म पाठवायचे होते आणि मस्टरवर माझ्या खाडीच्या तासांची हजेरी शून्य होती. फॉर्म अडला असता तर वर्ष गेलं असतं, आणि माझ्याकडे चौथं वर्ष नव्हतं.

बाबा धुतलेला सदरा घालून आले आणि खुर्ची दिली तरी उभे राहिले. मी, सर, हेडक्लार्क, समोर प्राचार्य. टेबलावर माझी वही.

"यात साठ नोंदी आहेत," प्राचार्य म्हणाले. "पण या घरी बसून लिहिल्या नाहीत कशावरून?"

हेडक्लार्क म्हणाले, "तेच मी म्हणतो. साठ हवेत आणि बरोबर साठच आहेत. एकसष्टही नाहीत. मला तर आकडाच संशयास्पद वाटतो."

सरांनी बाबांकडे हात केला. "यांना विचारा. यांनी वही बघितलेली नाही. तुम्ही तिथी सांगा, हे वेळ सांगतील."

बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. हेडक्लार्कांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं, वही उघडली आणि चष्मा पुसला. त्यांना मजा वाटू लागली होती.

"कार्तिक वद्य पंचमी."

"पावणेचारला भरती. पावणेधाला सुकती," बाबा म्हणाले. सुकती म्हणजे ओहोटी.

"नऊ चाळीस लिहिलंय. खांब कितवा?"

"तिसरा. चवथ्याला पानी लागून असंल."

"तिसरा. बरोबर. मार्गशीर्ष अमावास्या."

"सव्वापाच, सांजचे. चवथा उघडा. त्याच्याफुडं बी दहा पावलं चिखल."

"हात्तिच्या," हेडक्लार्क म्हणाले. "दहा पावलंसुद्धा लिहिलीयत."

बाबा पहिल्यांदाच खुर्चीत बसले. कॉलेजच्या ऑफिसात आपलं काही चालेल असं त्यांना वाटलं नसावं. आणखी दोन तिथ्या झाल्या, दोन्ही जुळल्या. प्राचार्यांनी पेनाचं टोपण काढलं. हेडक्लार्कांनी शेवटचं म्हणून पान उलटलं.

"पौष वद्य अष्टमी."

"सहाला भरती. बाराच्या सुमाराला सुकती."

"बारा वाजून पाच. चवथा खांब उघडा." हेडक्लार्कांनी वही मिटायला घेतली.

"कुठला खांब?" बाबांनी विचारलं.

मला तेव्हा समजलं. मी नोंद आदल्या बुधवारची उतरवली होती. आदला बुधवार म्हणजे पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाचं उधाण. कॉलेजचं वेळापत्रक आठवड्यानं फिरतं, या बुधवारी जे ते पुढच्या बुधवारी. पाणी तसं फिरत नाही. एका आठवड्यात ते उधाणाचं भांग होतं. खाडीकाठी जन्मलेली, वर्षभर चिखलात उभी राहिलेली मुलगी, आणि मी पाण्याला बुधवार लावला होता.

"चवथा," हेडक्लार्क म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "अष्टमीला भांगाचं पानी," ते हळू म्हणाले. चवथा खांब त्या दिवशी छातीभर पाण्यात असतो हे त्या खोलीत तिघांना माहीत होतं. हेडक्लार्क आणि प्राचार्यांना नव्हतं. हेडक्लार्क विचारत होते, "म्हणजे काय? बरोबर ना?"

मी सरांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. बाबा म्हणाले असते की असेल बुवा, तर संपलं होतं. पण बाबा गप्प राहिले आणि सर गप्प राहिले, आणि ती शांतता मला त्या पेन्सिलीच्या प्रश्नचिन्हासारखी वाटली.

मी वही ओढून घेतली. प्राचार्यांच्या टेबलावरचं पेन घेतलं आणि ती नोंद आडवी खोडली. "या दिवशी मी गेले नव्हते. टायपिंगची परीक्षा होती."

"मग एकोणसाठ होतात," हेडक्लार्क लगेच म्हणाले. बेरीज-वजाबाकीत ते कुणाला सोडत नसत.

प्राचार्यांनी पेनाला टोपण लावलं. "साठ म्हणजे साठ. माझा इलाज नाही."

बाबा उठले. त्यांच्या तोंडावर मुरुड दिसत होतं. मग हेडक्लार्कांनी मांडीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. "सत्र परवा संपतंय. आज त्रयोदशी." थोडा वेळ ओठ हलवून त्यांनी हिशोब केला. "पावणेदहाला भरती. पावणेचारला ती तुमची सुकती. आत्ता दोन वाजलेत." ते सरांकडे वळले. "तुमच्या त्या उजव्या घड्याळात किती वाजलेत?"

"सव्वादहा," सर म्हणाले.

"मग चला. पण मी येणार. कोऱ्या जागेत मी अशी सही करत नाही."

त्या दुपारी हेडक्लार्क धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, एका हातात चपला आणि एका हातात मस्टर घेऊन खाडीत उतरले. दुसऱ्या खांबापाशी त्यांचा पाय रुतला, बाबांनी त्यांना काखेत हात घालून बाहेर काढलं. चवथ्या खांबापर्यंत ते आले. मी चिखल उकरून तिसऱ्या मोजल्या. त्यांनी परत मोजल्या. आकडा जुळला तेव्हा त्यांनी मस्टर बाबांच्या पाठीवर टेकवून माझ्या नावापुढे 'हजर' लिहिलं आणि वेळ विचारली. सरांनी उजवीकडे बघून सांगितलं, बारा. हेडक्लार्कांनी डावा हात दाखवायला लावला.

घरी जाताना बाबा म्हणाले, "मास्तर कस्टमचा नाय." एवढंच. टायपिंगबद्दल विचारलं नाही.

मी पास झाले. तिसऱ्या जागा का बदलतात ते मला पूर्ण सापडलं नाही, पावसाळ्यात वरून येणाऱ्या गाळाशी त्याचा संबंध असावा इतपत लिहिलं. सरांची नेमणूक पुढे चालू राहिली नाही. कारण मला कळलं नाही. माझ्यानंतर ते कलम कुणी वापरल्याचं ऐकलं नाही.

ते गेले त्या दिवशी मी एस.टी. स्टँडवर गेले. सामान म्हणजे एक ट्रंक आणि ती खुणा केलेली काठी. मला एकच विचारायचं होतं आणि मी गाडी लागेपर्यंत वाट बघितली.

"सर, पौष अष्टमीला तुम्ही खाडीवर होता?"

"होतो की."

"मग मी नव्हते हे तुम्हाला माहीत होतं. त्या दिवशी प्राचार्यांपुढं मी गप्प बसले असते तर तुम्ही सांगितलं असतं?"

सरांनी ट्रंकेवरचा एक गठ्ठा काढून माझ्या हातात दिला, जाळ्याच्या दोऱ्यानं बांधलेला. "तुझी नक्कल. आता वही पडली तरी चालेल." आणि गाडीत चढले.

मी तिथेच बाकावर बसून दोरा सोडला. मला पौष अष्टमी बघायची होती. सापडली. माझी खोटी नोंद जशीच्या तशी उतरवलेली, पुढे पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह. वहीत न केलेलं त्यांनी इथे केलं होतं. त्याच्याखाली बारीक अक्षरात त्या दिवसाची खरी नोंद: बारा वाजून दहा, दुसरा खांब, तिसऱ्या नऊ. मी आले नाही म्हणून त्यांनी स्वतः उतरून मोजलं होतं.

गठ्ठ्यातलं शेवटचं पान मात्र तारखांचं नव्हतं. वर लिहिलं होतं, 'सरांविषयी शंका.' कव्हराच्या आतली माझी यादी, सगळ्या ओळी, माझ्याच क्रमानं, त्यांच्या अक्षरात. माझी एक काना-मात्राही त्यांनी सुधारली नव्हती. मान्यतेची अट वाचली नसेल, यापुढे प्रश्नचिन्ह. कस्टमचा माणूस, प्रश्नचिन्ह. दुर्बिणीतून माझ्यावर पाळत, प्रश्नचिन्ह. पीएच.डी.साठी आकडे, प्रश्नचिन्ह. 'कव्हर कुणी काढलं?' यापुढे लिहिलं होतं, 'मी.'

मग ती दोनदा गिरवलेली ओळ आली. त्यांनीही ती दोनदा गिरवली होती. माझं चुकत असलं तरी हे सांगणार नाहीत, नुसते बघत राहतील.

तिच्यापुढे प्रश्नचिन्ह नव्हतं.